तिल्काची लाल पट्टी

तिल्काच्या आजाराचं नाव कळलं त्या दिवशी आम्ही राजधानी ल्युब्लियानाच्या इस्पितळातून परत येत होतो. त्सेल्ये शहराच्या अलीकडे एका हार्डवेअरच्या दुकानापाशी ती म्हणाली, "थांब." मला वाटलं तिला उलटी येतेय. ती उतरली, दुकानात गेली आणि थोड्या वेळानं लाल चिकटपट्टीचा मोठा रोल घेऊन बाहेर आली.

"हे कशाला?"

"लागेल. आधी बंबखान्यात चल. घरी नंतर जाऊ."

फेब्रुवारी महिना होता. बिअरसाठी लागणाऱ्या हॉपच्या मळ्यांत वेल नव्हते, नुसते उंच खांब आणि तारा. डॉक्टरांनी मूत्राशयाचा कॅन्सर सांगितला होता, आणि तो पसरलाय हेही सांगितलं होतं. तिल्कानं त्यांना एकच विचारलं, हे धुरामुळे झालं का. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्या म्हणाल्या, एकाच माणसाबद्दल असं नक्की सांगता येत नाही. पण तुम्ही किती वर्षं आगी विझवताय? तिल्का म्हणाली, एकोणतीस. डॉक्टरांनी कपाटातून एक पातळ पुस्तिका काढून दिली. आग विझवणाऱ्यांनी काजळीतल्या विषापासून स्वतःला कसं जपावं, याबद्दलची. सबंध रस्ताभर मी बोलायला काहीतरी शोधत होतो. ती सबंध रस्ताभर ती पुस्तिका वाचत होती.

बंबखान्यात दोघंच होते. आमच्या स्वयंसेवक दलाचा प्रमुख फेर्दो, तो विजेची कामं करतो. आणि विंको, जो लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालाय आणि दलात सगळ्यात जुना आहे. तिल्कानं कुणाशी न बोलता पट्टीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि बंबाच्या मागून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, जमिनीवर लाल रेघ चिकटवत गेली.

"वाकू नकोस, मी लावतो," मी म्हणालो.

"तू नुसतं धर."

विंको बघत होता. "काय गं तिल्के, ऑस्ट्रियाची हद्द इथवर आली की काय?"

"आली. पासपोर्ट काढून ठेव."

"आणि नाही काढला तर?"

"तर अलीकडेच राहशील. अलीकडे सगळं काळं, पलीकडे सगळं स्वच्छ. आगीवरून आलेला कोट, बूट, हातमोजे, तुझं ते घाणेरडं हेल्मेट, यातलं काहीही ही पट्टी ओलांडणार नाही. आणि घरी तर अजिबात न्यायचं नाही."

"माझं हेल्मेट घाणेरडं?" विंकोला खरोखरच राग आला. "त्याच्यावरची काजळी बघ. प्रत्येक आगीचं एक पुट आहे. नवीन पोरांचं हेल्मेट बघ, दुकानातून आणल्यासारखं."

"म्हणूनच ती पोरं जास्त जगतील."

फेर्दो आमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याला काहीतरी कळलं असावं. त्यानं हळूच विचारलं, "तिल्काताई, डॉक्टर काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, पट्टी लाव," तिल्का म्हणाली, आणि उरलेला रोल तिनं त्याच्या हातात दिला.

गावाला कळलं ते असं.

मी भट्ट्या बांधतो. घराच्या मधल्या खोलीत असते तशी, फरशा लावलेली मातीची भट्टी. आत पाव भाजता येतो, भोवतालच्या बाकावर हिवाळ्यात बसता येतं. चाळीस वर्षं हेच केलं. धूर कुठून शिरतो, कुठे वळतो, कुठे अडतो हे मला कळतं. कुणाच्या घरात खोलीभर धूर व्हायला लागला की लोक मलाच बोलावतात.

तिल्का दलात आली ती गंमत म्हणून. आग विझवण्याच्या बायकांच्या स्पर्धेत एक जण कमी पडत होती. पुढे ती बंब चालवायला शिकली, मग पंप सांभाळायला. आत जाणाऱ्यांना किती दाबानं पाणी द्यायचं हे तिच्या हातात असायचं. आत जाणाऱ्यांच्या पाठीवर हवेचं सिलिंडर, तोंडावर मास्क. ती बाहेर, बंबापाशी, म्हणून तिला मास्क नाही. धूर मात्र बंबाकडेच यायचा. आणि ज्वाळा विझल्या की राख उपसायला सगळेच आत जायचे, तीही जायची. तेव्हा तर कुणाच्याच तोंडावर मास्क नसायचा. ज्वाळा गेल्या म्हणजे आग संपली, असं सगळे धरून चालायचे. मग घरमालकीण बाहेर पाव, डुकराचं मांस आणि बाटली घेऊन यायची, आणि सगळे बंबाला टेकून काळ्या हातांनी खायचे. आमच्याकडे आग विझवणाऱ्याला उपाशी परत पाठवत नाहीत. त्या पावावर बोटांचे ठसे उमटायचे. त्यावरून थट्टा व्हायची, कोणाचा पाव कोणता ते ठशावरून ओळखा.

भोंगा वाजला की ती पळायची आणि मी सूप ठेवायचो. ती परत यायची तेव्हा मी एकच वाक्य म्हणायचो, "आलीस? सूप गरम आहे." मग तिच्या अंगातून कोट काढून घ्यायचो. तो ओला आणि जड असायचा. माझ्या प्रत्येक भट्टीला मी वरच्या अंगाला एक लाकडी दांडी लावून देतो, लोक त्यावर मोजे वाळवतात. आमच्या दांडीवर मी तिचा कोट वाळवायचो. भोंगा पुन्हा कधी वाजेल सांगता येत नाही, आणि जानेवारीत ओला कोट अंगावर चढवायचा म्हणजे काय ते मी तिच्या तोंडावर पाहिलं होतं. तिनं कधी सांगितलं नाही की वाळव. मीच वाळवायचो. सकाळी तो कोरडा आणि उबदार झालेला असायचा.

सगळी खोली वासानं भरून जायची. जळकं लाकूड, जळकं रबर, घाम. आमचा पलंग त्याच खोलीत होता. मला तो वास आवडायचा, खोटं कशाला सांगू. तो वास आला म्हणजे ती धडधाकट परत आली. भोंगा वाजल्यापासून तो वास येईपर्यंत मला काही सुचायचं नाही. आम्हाला मूल झालं नाही. माझ्याजवळ गमावण्यासारखं एकच माणूस होतं आणि ते प्रत्येक आगीत पुढे असायचं.

मार्चमध्ये एक दिवस ती जेवणाच्या टेबलापाशी पुस्तिका वाचत होती. वाचता वाचता थांबली. मग तिनं मोठ्यानं वाचलं, की काजळी लागलेले कपडे राहत्या घरात ठेवू नयेत, आणि ते गरम झाले तर त्यातलं विष हवेत सुटतं.

आम्ही दोघांनीही दांडीकडे पाहिलं. कोट तिथेच होता. बंबखान्यात पट्टी लावताना आमच्याच घरातला कोट दोघांनाही आठवला नव्हता.

मी उठलो. दांडीचे स्क्रू काढायला लागलो.

"बस," ती म्हणाली. "आता घाई कशाला?"

"मला कळायला हवं होतं. धुराचा धंदा माझा आहे."

"डॉक्टरलाही नक्की सांगता येत नाही आणि तू सांगतोस? एकोणतीस वर्षं मी ज्या धुरात उभी राहिले तो तू लावला होतास का?"

"पण घरात तो मी आणला."

"मला उबदार कोट आवडायचा," ती म्हणाली. "बाकीच्यांना ओले चढवावे लागायचे. विंको माझ्यावर जळायचा."

मी दांडी काढलीच. फरशीत दोन भोकं राहिली आहेत. भट्टीवाला असून ती मी अजून बुजवलेली नाहीत.

कोट आम्ही जाड पिशवीत घातला, तोंड घट्ट बांधलं आणि मागच्या शेडमध्ये ठेवला. त्या दिवशी बाकावर बसून तिनं मला सांगितलं, "मी गेले की तो कोट बंबखान्यात नेऊन दे. पहिल्याच आठवड्यात. धुवून टाकायला सांग. जुना आहे, कुणी घालणार नाही, पण घरात नको."

"देईन."

"तू त्याला हुंगत बसशील. मी ओळखून आहे तुला."

"नाही बसणार."

"शपथ?"

"शपथ."

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिला विश्वास वाटला नसावा.

पुढचे सहा-सात महिने ती त्या पट्टीसाठीच जगली असं म्हटलं तरी चालेल. औषधांनी केस गेले, ती डोक्याला रुमाल बांधायची. दर शुक्रवारी दलाच्या बैठकीला जाऊन तेच ते नियम सांगायची. राख उपसतानाही मास्क काढायचा नाही. कोट अंगात असतानाच पाण्यानं आणि ब्रशनं घासायचा, मग काढून पिशवीत. मान, जबडा, मनगटं तिथल्या तिथे साबणानं पुसायची, कारण घामेजलेल्या कातडीतून विष लवकर आत जातं. तासाभरात आंघोळ. बंबाच्या केबिनमध्ये काळं कोणी बसणार नाही. लोक ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि करायचे नाहीत. आजारी बाईला नाही कसं म्हणायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

जूनमध्ये गावातल्या होद्निकांचं गवताचं कोठार पेटलं. भोंगा वाजला तसा मी सवयीनं सूप ठेवायला उठलो, तर ही दारात उभी. हातात घडीची खुर्ची.

"मला घेऊन चल."

"वेडी आहेस का? धुरात?"

"वारा कुठून आहे ते बघून बसेन. एवढं कळतं मला."

वाऱ्याच्या वरच्या अंगाला, बंबापासून लांब, तिनं खुर्ची टाकली. शेजारी पाण्याची बादली, साबण, ब्रश, पिशव्या. तीन तास तशीच बसली. आग आटोपली. होद्निकबाई ताट घेऊन निघाल्या, तर तिल्कानं त्यांना हाक मारली आणि ताट स्वतःच्या मांडीवर ठेवून घेतलं.

माणसं आली, काळीठिक्कर, भुकेली.

"पाव दे," विंको म्हणाला.

"हात दाखव."

"अगं, मी काय पहिलीत आहे?"

"पहिलीतली पोरं धुऊन येतात. हात, मान, तोंड. मग पाव."

"चाळीस वर्षं असाच खाल्ला! मेलो का?"

तिल्कानं डोक्यावरचा रुमाल नीट केला. विंको तिथंच उभा राहिला. मग गुडघ्यावर बसला, बादलीत हात घातले आणि कोपरापर्यंत घासले. त्याच्यामागे बाकीचे रांगेत आले. होद्निकबाईंनी आणखी दोन बादल्या आणल्या. त्या दिवशी पावावर ठसे नव्हते.

"चवच लागत नाही," विंको खाताना म्हणाला. पण तीन तुकडे खाल्ले.

ऑगस्टच्या मेजवानीत गावानं दलासाठी जे जमवलं त्यातून कपडे धुण्याचं मोठं मशीन आलं. पट्टीच्या काळ्या बाजूला बसवलं. पहिला कोट फेर्दोचा. बटण तिल्कानं दाबलं आणि समोर खुर्ची टाकून काचेतून बघत बसली. पाणी तिसऱ्यांदा बदललं तरी काळं येत होतं. "हे आपण अंगावर घालत होतो," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "माझाही आण ना."

"आणतो," मी म्हणालो. "शेडमध्ये मागे अडकलाय."

ती माझ्याकडे बघून परत मशीनकडे बघायला लागली. पुन्हा म्हणाली नाही.

ऑक्टोबरच्या नऊ तारखेला ती गेली. घरीच, बाकाजवळच्या पलंगावर, सकाळी. दलानं भोंगा वाजवला. पेटी त्यांनीच उचलली. कबरीपाशी सगळे एका सुरात "मदतीला!" म्हणाले. आमचे अग्निशामक भेटल्यावर एकमेकांना हेच म्हणतात आणि निरोप देतानाही हेच म्हणतात. त्या दिवशी तो शब्द ऐकून मला राग आला. कोण येणार होतं मदतीला?

पहिला आठवडा गेला. मी कोट दिला नाही.

दुसऱ्या रविवारी शेडमधून पिशवी घरात आणली आणि गाठ सोडली. धुराचा वास आला, आणि कॉलरपाशी झेंडूच्या मलमाचा. पंपाच्या लोखंडानं तिचे हात फुटायचे, म्हणून ती ते मलम लावायची आणि मग हात मानेवर पुसायची. मी कॉलरमध्ये तोंड घालून उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. मग पुन्हा गाठ मारली आणि पिशवी शेडमध्ये ठेवली.

त्यानंतर दर रविवारी. मला लवकरच कळलं की पिशवी उघडली की वास थोडा कमी होतो. तिथून पुढे मी आठवडाभर स्वतःला अडवायचो आणि रविवारी फक्त दहा श्वास घ्यायचो, मोजून. त्यासाठी मी बाकीचे सहा दिवस काढत होतो. हे वेडेपणाचं आहे हे मला कळत होतं. ते विष आहे हेही कळत होतं. त्याची मला भीती वाटत नव्हती. कधी कधी वाटायचं, तिला लागलं तसंच मलाही लागू दे.

मार्चमध्ये फेर्दो आला. बाकावर बसला, टोपी हातात फिरवत राहिला.

"सिल्वोभाऊ, मे महिन्यात, आपल्या अग्निशामकांच्या संत फ्लोरियानच्या रविवारी ती पट्टी रंगानं कायमची आखायची ठरवलंय. पाद्रीबाबा येणार आहेत. तिल्काताईंचं नाव घेणार आहेत."

"चांगलं आहे."

"तोवर एकही कोट कुणाच्या घरी नसावा, असं माझ्या मनात आहे. त्यांचीही तीच इच्छा होती. अकरा कोट आत आलेत."

"दोन राहिले," मी म्हणालो.

"एक विंकोचा." तो खाली बघत होता. "मी त्याला म्हटलं, आण. तो म्हणतो, आधी सिल्वोकडून आण, मग माझ्याकडे ये. म्हणतो, जिची पट्टी तिच्याच घरात कोट आहे. आता काल आणखी एक जण तेच बोलून आपला दिलेला कोट परत मागायला लागला. मी काय उत्तर देऊ?"

मी म्हणालो, "फेर्दो, सूप घेणार का?"

"नको." तो उठला. दारात थांबून म्हणाला, "आमची आई गेली तेव्हा तिचा चष्मा मी दोन वर्षं पुसला नव्हता. मला समजतं. पण मला त्या पोरांना काहीतरी सांगावं लागेल."

तो गेल्यावर मी पिशवी उघडली. बुधवार होता.

एप्रिलच्या शेवटी, दुपारी, भोंगा वाजला. शेजारच्या गावात गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज पेटलं होतं. काळा धूर आमच्या अंगणातून दिसत होता, टायरांचा. मी आत आलो आणि सूप ठेवलं. कुणासाठी, ते मनात आलं नाही. हात आपले चालत होते. बाहेर अजून गारठा होता, भट्टी पेटलेली होती.

चारच्या सुमाराला मी कोठीघरात बटाटे निवडत होतो. मधल्या खोलीचं दार वाजलं. जड बुटांचा आवाज आला. आणि मग वास आला. ओला कोट, जळकं रबर, घाम, भट्टीची ऊब. हळूहळू पसरत तो कोठीघरापर्यंत आला.

मी हातातला बटाटा खाली ठेवला. मी म्हणालो, "आलीस? सूप गरम आहे."

"आलीस?" बाहेरून विंकोचा आवाज आला. "अरे मी आहे!"

मी बाहेर गेलो. तो बाकावर बसला होता, तोंड काळं, डोळे लाल. कोट त्यानं काढून भट्टीवर टाकला होता.

मग त्याला कळलं असावं, मी कुणाला म्हणालो ते. तो कोटाकडे हात करून बोलत सुटला. "घरी गेलो तर बायको दार उघडत नाही. म्हणते, आधी बंबखान्यात जा. तुझ्या बायकोनंच शिकवून ठेवलंय तिला. बंबखान्यात गेलो तर फेर्दो ब्रश घेऊन उभा. मी म्हटलं, जातो सिल्वोकडे. गावात काळ्या कोटाला आत घेणारं आता तुझंच घर उरलंय."

"काय म्हणालास?"

"तुझंच घर उरलंय. खरंच की."

त्यानं ते थट्टेनं म्हटलं. मी मात्र तसाच उभा राहिलो. आणि उभा राहून मी श्वास घेत होतो, खोल, एकामागून एक. मी दहा मोजले नाहीत. विंकोच्या कोटाचा वास मी तिल्काचा म्हणून घेत होतो.

मग मी शेडमध्ये गेलो. पिशवी आणली, त्याच्यासमोर गाठ सोडली, कॉलरमध्ये नाक घातलं. मग भट्टीवरच्या कोटाजवळ गेलो, तिथे घातलं. पुन्हा पिशवीत. विंको बघत राहिला.

"काय शोधतोस?" शेवटी त्यानं विचारलं.

"झेंडूचं मलम."

"आहे का?"

"कळत नाही. दोन्हीला एकच वास येतोय."

विंकोनं हात पुढे केला, मग आपल्या बोटांकडे पाहून मागे घेतला. "माझं नाक आज काही कामाचं नाही," तो म्हणाला.

मी भट्टीवरचा कोट उचलला. किती जड होता. दारातून बाहेर अंगणात नेला आणि दगडावर टाकला.

"ए, थंडी आहे!" विंको आतून ओरडला.

"बाहेर ये. नळाशी."

"सूप म्हणाला होतास ना?"

"हात दाखव आधी. मान, तोंड, मनगटं. मग सूप."

तो दारात आला आणि माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता काहीतरी चावटपणा करेल. तो नळाशी गेला, बाह्या वर केल्या. मी साबण दिला. पाणी बर्फासारखं होतं. तो शिव्या देत होता आणि घासत होता. मानेमागे त्याचा हात पोचत नव्हता, तिथे मी घासलं. काळं पाणी दगडांमधून गटारात जात होतं.

"ती असती तर कानामागेही घासायला लावलं असतं," तो म्हणाला.

मी कानामागेही घासलं.

सूप प्यायलो. मग विंकोचा कोटही पिशवीत बांधून, दोन्ही पिशव्या हातगाडीत घालून आम्ही बंबखान्यात गेलो, भट्टीच्या विटा मी ज्या हातगाडीतून नेतो तीत. फेर्दो तिथेच होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि सरळ मशीनचं दार उघडलं, त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे. विंकोनं आपला कोट मशीनमध्ये कोंबला, मागाहून हेल्मेटही घेऊन सिंकपाशी गेला. "पुसतोय रे बाबा," तो म्हणाला, "चाळीस वर्षांची कमाई." त्याच्या पाठीवरून कळत होतं की त्याला ते सोपं जात नव्हतं.

त्याचा कोट धुऊन झाला. फेर्दोनं मशीनचं दार उघडं धरलं.

"सिल्वोभाऊ, तुम्हीच घाला. आणि बटणही तुम्हीच."

मी गाठ सोडली. कोट बाहेर काढायच्या आधी एकदा वाकलो. आणि कॉलरच्या शिवणीत, अगदी आत, मला मलमाचा वास आल्यासारखं वाटलं. कदाचित नाही. माझं नाक दमलं होतं, विंकोच्या धुरानं भरलं होतं. मी पुन्हा वाकलो, तेव्हा काही नव्हतं. तिसऱ्यांदा पुन्हा वाटलं.

"आज नको," मी म्हणालो.

फेर्दोनं मशीनचं दार लावलं. "घरात नाही ना आता," तो म्हणाला. "तेवढं तर झालं." त्यानंच गाठ मारली आणि पिशवी काळ्या बाजूच्या सातव्या खुंटीला अडकवली. ती तिल्काचीच खुंटी.

फ्लोरियानच्या रविवारी रेघ रंगवली. जुनी पट्टी मी माझ्या हातांनी उपटली. ती बऱ्याच ठिकाणी फाटली होती, लोकांनी ओलांडून ओलांडून. पाद्रीबाबांनी तिल्काचं नाव घेतलं. विंको पहिल्या रांगेत होता. त्याचं हेल्मेट इतकं पांढरं झालं होतं की बायका त्याला नवा भरती झालास का म्हणून विचारत होत्या. त्यानंतर तीन आगी झाल्या. प्रत्येक वेळी मी साबणाची बादली घेऊन वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा राहिलो, आणि हात धुतल्याशिवाय कुणालाही पाव दिला नाही. आता कुणाच्याही घरी काळा कोट नाही.

दर शुक्रवारी मी बंबखान्यात जातो. पिशवी उघडत नाही, नुसता खुंटीपाशी उभा राहतो. फेर्दो विचारत नाही. तिल्कापाशी मी दोन गोष्टींची शपथ घेतली होती. हुंगणं मी थांबवलंय. कोट अजून धुतलेला नाही.